कोळसा कोणाचा?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



सरकारी मालकीच्या कोळसा उद्योगाच्या खाजगीकरणाचा प्रश्न निघाला की दोन प्रकारची भाषणे ऐकू येतात. सरकारी कारभार म्हणजे आळस, गळती आणि दिरंगाई, तेव्हा खाणी उद्योगपतींच्या हाती सोपवा, असे एक बाजू सांगते. जे सरकारी ते सर्व चांगले, त्याला हात लावू नका, असा हट्ट दुसरी बाजू धरते. समाजवादी कार्यकर्त्याला यांपैकी कोणतीही भूमिका पुरी पडणारी नाही. खाणी राष्ट्राच्या मालकीच्या का झाल्या, ती मालकी कशी पोखरली गेली आणि जी उरली आहे तिचे काय करावयाचे, या तीन प्रश्नांचा विचार क्रमानेच करावा लागेल.

खाजगी मालकी ही काही नवी कल्पना नव्हे. राणीगंजच्या परिसरात १७७४ मध्ये कोळसा काढण्यास आरंभ झाला, तेव्हापासून जवळजवळ दोनशे वर्षे या देशाने ती अनुभवली आहे. मालकाचा हिशेब चालू वर्षाच्या नफ्याचा असे. खाणीच्या आयुष्याचा नसे. सहज हाती लागणारा उत्तम कोळसा ओरबाडावयाचा, छताला आधार देणारे कोळशाचे खांबही काढून घ्यावयाचे, पोकळीत वाळू भरण्याचा खर्च टाळावयाचा आणि उरलेला कोळसा कायमचा जमिनीत गाडून पुढे जावयाचे, अशी ती रीत होती. झरियाच्या पोटात १९१६ पासून आगी धुमसत आहेत. १९५८ मध्ये चिनाकुरीच्या खाणीत पावणेदोनशेच्या आसपास, तर १९६५ मध्ये धोरीच्या खाणीत अडीचशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. वेतन मंडळाच्या शिफारशी अनेक मालकांनी बासनातच ठेवल्या होत्या.

या पार्श्वभूमीवर मोहन कुमारमंगलम खाणमंत्री असताना राष्ट्रीयीकरण झाले. पोलादाला लागणाऱ्या कोकिंग कोळशाच्या खाणींचे व्यवस्थापन १९७१ मध्ये सरकारने हाती घेतले आणि १ मे १९७२ रोजी मालकी घेतली. इतर खाणींचे व्यवस्थापन जानेवारी १९७३ मध्ये ताब्यात आले आणि १ मे १९७३ पासून त्याही राष्ट्राच्या झाल्या. नोव्हेंबर १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाली. त्या वर्षी तिचे उत्पादन ७.९ कोटी टन होते. २०२३-२४ मध्ये ते ७७ कोटी टनांवर गेले. देशभरातील खाणकामगारांना एकाच वेतन करारात आणणारा पहिला राष्ट्रीय करार १९७५ पासूनच लागू झाला. सार्वजनिक मालकीने काहीच साधले नाही, असे म्हणणाऱ्यांनी ही दोन्ही तथ्ये आधी खोडून दाखवावीत.

मात्र मालकी मिळाली तेव्हापासूनच तिला छिद्रे पडू लागली. १९७६ च्या दुरुस्तीने लोखंड-पोलाद कारखानदारांना स्वतःच्या वापरासाठी खाणीची मुभा मिळाली. १९९३ मध्ये वीज कंपन्यांना मिळाली. पुढे कोळशाचे पट्टे लिलावाविना, मंत्रालयातील समितीच्या मर्जीने वाटले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये ही सारी वाटणी मनमानी ठरविली आणि सप्टेंबरमध्ये २१८ पैकी २१४ पट्टे रद्द केले. त्या वेळी बहुसंख्य पट्ट्यांतून एक टनही कोळसा निघालेला नव्हता! खाजगी क्षेत्राच्या कार्यक्षमतेचे गोडवे गाताना हा अध्याय सोयीस्करपणे विसरला जातो. पट्टा मिळविणे हाच तेथे धंदा झाला होता. कोळसा काढणे हे दुय्यम होते.

या अनुभवातून धडा कोणता घेतला गेला? २०१५ च्या कायद्याने व्यापारी खाणकामाची वाट मोकळी केली. १९७३ चा राष्ट्रीयीकरणाचा कायदा जानेवारी २०१८ मध्ये रद्द झाला, आणि तोही कालबाह्य कायद्यांच्या यादीत बसवून, जणू जुनी रद्दी निकाली काढावी तसा. २०२० च्या दुरुस्तीने कोळसा स्वतःच्याच कारखान्यात वापरण्याचे बंधन गेले. भारतात कोळसा काढण्याचा अनुभव नसलेल्यांनाही दार उघडले. १८ जून २०२० रोजी, देश साथीने घेरलेला असताना, ४१ पट्ट्यांच्या लिलावाची घोषणा झाली. २ ते ४ जुलै या तीन दिवसांत कोळसा कामगारांनी देशभर संप केला. त्या यादीत ताडोबाच्या जंगलाजवळचा बंदर हा चंद्रपूर जिल्ह्यातील पट्टाही होता. महाराष्ट्रातून विरोध झाल्यावर तो वगळावा लागला. संघटित विरोधाला फळ येते, याचा हा लहानसा परंतु स्पष्ट पुरावा आहे.

समोरच्या दारापेक्षा मागचे दार अधिक धोक्याचे आहे. २०१० आणि २०१५ मध्ये कोल इंडियाचे प्रत्येकी १० टक्के भाग विकले गेले, हे सर्वांना दिसले. परंतु वरची माती-दगड उपसण्यापासून कोळसा वाहण्यापर्यंतची कामे एकेक करून ठेकेदाराकडे गेली, त्याची चर्चा फारशी झाली नाही. एकेकाळी सहा लाखांहून अधिक कायम कामगार असलेल्या कोल इंडियात २०२४ पर्यंत सुमारे सव्वादोन लाख उरले. डिसेंबर २०१६ मध्ये झारखंडातील राजमहल खाणीत ढिगारा कोसळून २३ जण गेले. खाण सरकारी होती. काम ठेकेदाराचे होते. पाटी राष्ट्राची आणि जोखीम कंत्राटी मजुराची, हेच खाजगीकरणाचे आजचे प्रत्यक्ष रूप आहे.

आता विरोधकांच्या मुद्द्यातील सत्यांशही मान्य केला पाहिजे. कोळशाची चोरी, अधिकाऱ्यांची मनमानी, भूसंपादनातील दिरंगाई हे दोष खरे आहेत. डिसेंबर १९७५ मध्ये चासनाळ्याच्या खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास कामगार बुडाले, तेव्हा ती खाण सरकारच्याच व्यवस्थापनाखाली होती. चंद्रपूर, वणी, उमरेड येथील अनेक प्रकल्पग्रस्त नोकरीसाठी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कार्यालयांचे उंबरठे झिजवीत आले आहेत. सरकारीकरण म्हणजे समाजीकरण नव्हे, ही समाजवाद्यांची जुनीच टीका येथे लागू पडते. परंतु त्या टीकेचा निष्कर्ष विक्री हा नाही. सरकारी खाणीच्या व्यवस्थापनाला दोन एकरांमागे एक नोकरी या तिच्याच धोरणाचा जाब विचारता येतो, संसदेत प्रश्न मांडता येतो, माहितीचा अधिकार वापरता येतो. खाजगी बोलीदारावर ते धोरण बंधनकारक नाही, आणि त्याच्या हिशेबाच्या वह्या गावकऱ्यांसाठी उघडत नाहीत.

आणखी एक प्रश्न पुढील काळाचा आहे. हवामानाच्या संकटामुळे कोळशाचे युग कधीतरी आवरते घ्यावे लागणार, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या वेळी खड्डे कोण भरणार, आगी कोण विझविणार, निवृत्तिवेतन कोण देणार? ब्रिटनने १ जानेवारी १९४७ रोजी खाणी राष्ट्राच्या केल्या आणि १९९४ च्या कायद्यानंतर विकल्या. २०१५ च्या अखेरीस केलिंगलीची शेवटची खोल खाण बंद झाली. परंतु खचलेल्या जमिनींचे आणि जुन्या भुयारांतील दूषित पाण्याचे ओझे मुख्यतः सरकारी यंत्रणेच्याच शिरावर राहिले. नफा मालकाचा आणि राख जनतेची, असाच हा व्यवहार असतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी केवळ ‘विक्री थांबवा’ एवढ्यावर थांबू नये. समान कामास समान वेतन आणि कंत्राटी कामगाराला कायम कामगाराइतकीच सुरक्षा, खाणीच्या व्यवस्थापनात कामगार व ग्रामसभा यांचा खराखुरा सहभाग, प्रकल्पग्रस्तांच्या दाव्यांचा ठरावीक मुदतीत निकाल, आणि खाण उघडण्याआधीच ती बंद करण्याच्या खर्चाची तरतूद, या मागण्या एकत्र मांडाव्या लागतील. कायम कामगार कंत्राटी कामगाराकडे पाठ फिरवील आणि दोघेही जमीन गमावलेल्या शेतकऱ्याकडे पाठ फिरवतील, तर खाणी विकणाऱ्यांना विरोध करण्यास कोणीच उरणार नाही. या तिघांना एका मोर्चात आणणे हे अवघड काम आहे, आणि आज खाणपट्ट्यातील कार्यकर्त्यांपुढचे पहिले काम तेच आहे.