परसातले खरबूज

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाची मला सवय नाही. पण खरबुजांची हकीकत सांगच, असा आग्रह झाला म्हणून उभी आहे.

शेजारच्या मावशींनी दिलेले बी मी परसात लावले. आपली पेडगावची काळी माती पाणी धरून ठेवते, ते खरबुजाला सोसत नाही. म्हणून आळ्यांत वाळू आणि कुजलेले शेणखत घातले. संक्रांतीनंतर थंडी ओसरल्यावर रात्रभर भिजवलेले बी टोचले. फळे साखरेसारखी झाली. त्यातलेच बी राखून दुसऱ्या वर्षी लावले, तर फळे फिकी, पिठूळ आणि वेलावरच तडकणारी! मनात मी मावशींनाच दोष दिला. बोलणे तुटले नाही, पण कमी झाले, हे आज कबूल करते.

परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. तेथील मेळाव्यात विचारले, तर उलट प्रश्न आला, "परसात शेंदाड आहे का?" होता ना! सांडपाण्यावर आपोआप उगवलेला वेल कुंपणावर चढला होता. शेंदाड आणि खरबूज ही एकाच कुळातली सख्खी भावंडे. मधमाशी दोन्हीकडे हिंडते. त्या वर्षीचे फळ गोडच लागते; भेसळ बियांत दडते आणि पुढल्या वर्षी उघडी पडते. काकडी वा टरबूज शेजारी असले तर मात्र भीती नाही. बाजारच्या संकरित वाणाचे बी राखण्यातही अर्थ नाही; हरा मधु, पुसा शरबती यांसारख्या सरळ वाणांचेच राखावे.

पहिली फुले नुसत्या देठावर येतात, ती नर; गळाली तरी घाबरू नये. ज्या फुलामागे लव असलेली गाठ दिसते, ते फळाचे. उद्या उमलतील अशा दोन्ही प्रकारच्या कळ्या संध्याकाळी दोऱ्याने अलगद बांधाव्या. सकाळी लवकर नराच्या पाकळ्या काढून त्याचा पराग गाठीच्या फुलात फिरवावा आणि ते पुन्हा बांधावे. पाचसहा बांधल्या तर दोनतीन धरतात. देठाला रंगीत दोरा हवाच, नाहीतर बियाचे फळ घरची मंडळी खाऊन मोकळी होतात. आमच्याकडे तेही झाले!

चांगल्या बियासाठी मला पुन्हा मावशींच्याच दारी जावे लागले. डब्याच्या तळाशी उरलेले चिमूटभर बी त्यांनी काढून दिले. विचारले काहीच नाही. यंदा दोरा बांधलेल्या तीन फळांचे बी निघाले. पहिली पुडी मावशींना पोचली. बाकीच्या तिथे मेजावर आहेत, जाताना न्या. पण लावण्याआधी आपापले कुंपण पाहून घ्या.