यादीत नसलेली पोरं

हेडफोन लावलेत ना? मग करूया सुरुवात.

आजचा भाग नकाशाबद्दल आहे. बाईकच्या हँडलला फोन अडकवून आपण रोज बघतो, तोच नकाशा. फक्त आज त्यावर आपल्याला हॉटेल शोधायचं नाहीये. लस न मिळालेलं मूल शोधायचंय.

माझी आत्या अंगणवाडी सेविका आहे. आमच्याकडे सांगली जिल्ह्यात साखर कारखाने सुरू झाले की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. शेताच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. चार बांबू, वर पाचट, त्यावर एखादं प्लॅस्टिक. आई-बाप पहाटे फडात, आणि पोरं कोपीपाशी.

एकदा पोलिओच्या रविवारनंतर आत्या म्हणाली, "गाडी काढ रे, ओढ्याकडं जाऊन येऊ." मी म्हटलं, "अगं, यादी तर पूर्ण झाली ना तुमची?" ती म्हणाली, "यादी झाली. पोरं झाली का, ते बघायचंय."

ओढ्याच्या अलीकडचं शिवार आमच्या गावाचं, पलीकडचं शेजारच्या गावाचं. कोप्या बरोबर शिवेवर. आत्यानं एकेका पोराची डावी करंगळी धरून बघितली. अकरा पोरांच्या करंगळीवर शाईची खूण नव्हती. आमच्या गावाला वाटलं ती त्यांची, त्यांना वाटलं ती आमची. आणि गंमत बघा, कागदावर दोन्ही गावं शंभर टक्के!

हे डोक्यात होतं, म्हणून पुढे नायजेरियाची गोष्ट वाचली तेव्हा मी थबकलोच.

२०१२ साली जगात जंगली पोलिओचे २२३ रुग्ण सापडले. त्यातले १२२ एकट्या नायजेरियात. बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांत. लस होती, माणसं होती, एकामागून एक मोहिमा चालू होत्या. तरी पोलिओ हटत नव्हता. का?

एक मोठं कारण नकाशात होतं. लस देणाऱ्या टीमकडे हाताने काढलेले नकाशे असायचे. इथे मशीद, इथे बाजार, इथून वळा. अंतरं अंदाजाने. काही वस्त्या भलत्याच विभागात दाखवलेल्या, काही नकाशावर नव्हत्याच. आणि सगळ्यात जास्त कोण सुटायचं? दोन विभागांच्या हद्दीवर राहणारे. आमच्या ओढ्यासारखंच!

मग तिथे उपग्रहाची छायाचित्रं घेऊन उत्तरेकडची राज्यं नव्याने नकाशावर आणली. आकाशातून घरांचे पुंजके दिसतात. ते मोजले, माणसं पाठवून गावांची नावं विचारली, आणि आधीच्या यादीशी ताडून पाहिलं. कोणत्याच योजनेत नसलेल्या हजारो वस्त्या सापडल्या.

दुसरी गोष्ट तर तुमच्या-माझ्या खिशातली आहे. लस देणाऱ्या टीमच्या सोबत एक फोन दिला. तो दर थोड्या वेळाने आपण कुठे आहोत ते नोंदवायचा. जीपीएसला नेट लागत नाही, हे लक्षात घ्या. रेंज नसलेल्या रानातही फोन उपग्रहांकडून जागा ओळखतो आणि साठवून ठेवतो. संध्याकाळी ती नोंद कॉम्प्युटरवर उतरवली की दिवसभराची वाट नकाशावर उमटायची. टीम कुठे गेली, कुठे गेलीच नाही, सगळं समोर.

आता यात बदललं काय? संध्याकाळच्या मीटिंगमधला प्रश्न बदलला. आधी विचारायचे, "किती डोस दिले?" आता विचारायला लागले, "ही वस्ती का राहिली? उद्या तिकडे कोण जाणार?" मला विचाराल तर, सार्वजनिक आरोग्यात नकाशाचं खरं काम हेच. भिंतीवर रंगीत दिसणं हे त्याचं काम नव्हे. उद्या सकाळी माणूस कुठे पाठवायचा, हे तो सांगतो.

पण नकाशालाही सगळं कळत नाही हं. फोन गल्लीतून फिरला म्हणजे थेंब तोंडात पडले असं नाही. त्यासाठी करंगळीच बघावी लागते. छपरं दिसली म्हणजे आत माणसं आहेत असंही नाही. नायजेरियाच्या बोर्नो राज्यात हे फार वाईट रीतीने समोर आलं. तिथे सशस्त्र गटांमुळे कितीतरी भागांत टीम जाऊच शकत नव्हती. दोन वर्षं एकही रुग्ण न सापडल्यावर २०१६ मध्ये त्याच राज्यात पुन्हा पोलिओ निघाला. मग कोणती गावं ओस पडलीत आणि कुठे अजून माणसं राहतात, हेही उपग्रहाच्या छायाचित्रांवरून शोधावं लागलं. शेवटी २५ ऑगस्ट २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेचा आफ्रिका विभाग जंगली पोलिओपासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. हे फक्त नकाशाने केलं असं मी म्हणणार नाही. ते उन्हात चालणाऱ्या लाखो पायांनी केलं. नकाशाने त्या पायांना दिशा दिली.

हे सगळं वाचून मला काय हुरूप आला म्हणून सांगू! पुढच्या हंगामात मी फोन घेऊन आसपासचं शिवार फिरलो. कोप्या दिसल्या की पिन टाकायची. उपग्रहाच्या चित्रात त्या जागी नुसता ऊस होता, कारण ते चित्र भलत्याच महिन्यातलं. दहा दिवसांनी ऐटीत आत्याला नकाशा दाखवला. तिने चष्मा लावला, दोन पिनांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही टोळी गेली परवाच. मुकादमाला फोन केला होतास का?"

नाही केला. सुचलंच नाही!

तेव्हापासून मी प्रत्येक पिनसोबत तारीख आणि मुकादमाचा नंबर लिहितो. आणि तो नकाशा आत्याकडे आणि आशाताईंकडेच जातो, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. वस्ती कुठे आहे हे आरोग्य केंद्राला कळायला हवं. कुणाच्या घरात कोण आजारी आहे, हे अख्ख्या गावाला कळायची गरज नाही. कोरोनात दारावर लागलेले कागद आठवा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

तुमच्यासाठी आजचं काम सोपं आहे. ओपनस्ट्रीटमॅप उघडा. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेला, कुणालाही दुरुस्त करता येणारा नकाशा आहे तो. आपली वाडी, आपला पाडा, गावाबाहेरची कायमची वस्ती त्यावर आहे का बघा. नसेल तर टाका, नाव तिथले लोक म्हणतात तेच लिहा. आणि मग एकदा तुमच्या गावच्या आशाताईंना विचारा, "ताई, यादीत नसलेलं कोण राहतं हो आपल्याकडे?"

माझ्या आत्याला हे विचारलं की ती आधी वही काढते. मग म्हणते, "गाडी काढ."

भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!