लाज बाजूला ठेवून दोन शब्द



शाळेत आम्ही मुली दिवसभर पाणी प्यायचो नाही. का, ते बाईंनाही ठाऊक आहे. लघवी दाबून ठेवायची ती सवय ऑफिसातही राहिली. तीन वर्षांपूर्वी लघवीला जळजळ सुरू झाली, सारखं जावंसं वाटे, ओटीपोट दुखे. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, थांबले. आठवड्याने थंडी वाजून ताप, उलट्या, कमरेच्या वर कळा. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता.

हा संसर्ग बहुधा आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूंमुळे होतो. बायकांचा मूत्रमार्ग आखूड, म्हणून त्यांना जास्त. जळजळ झाली की डॉक्टरांना दाखवा. लघवीची तपासणी, कल्चर सांगितलं तर नमुना गोळ्या सुरू करण्याआधी द्या. कोणतं औषध लागू पडेल ते त्यातून कळतं. बरं वाटलं तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. ताप, पाठीत कळ, गरोदरपण किंवा मधुमेह असेल तर त्याच दिवशी जा.

बॅचच्या निधीतून एकच मागते : मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी लागणारं दार आणि वाहतं पाणी. आणि तासाला मुलीने विचारलं, तर सर, बाई, "जा" म्हणा.