साठवणीतील डीझेल आणि जैवडीझेल

बरणीतले तेल फार दिवस राहिले की खवट होते, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. टाकीत साठविलेल्या इंधनाचीही काहीशी हीच गत होते. फरीदाबादच्या औद्योगिक नगरीत १९७२ साली स्थापन झालेल्या इंडियन ऑइलच्या संशोधन व विकास केंद्राने ज्या इंधनांचा अभ्यास केला, त्यांत जैवडीझेलही आहे.

डीझेल हे मुख्यतः हायड्रोकार्बनांचे मिश्रण. हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग सावकाश होतो. काही महिन्यांनी त्यात चिकट गाळ धरू लागतो. जैवडीझेल करंज, मोगली एरंड यांच्या किंवा वापरलेल्या खाद्यतेलापासून, मेथिल अल्कोहोलाच्या साहाय्याने तयार करतात. त्याच्या रेणूंत मेदाम्लांचे अंश कायम राहतात. या अंशांत दुहेरी बंध जितके अधिक, तितका ऑक्सिजनचा शिरकाव सुलभ. प्रथम पेरॉक्साइडे बनतात, त्यांतून आम्ले व शेवटी राळेसारखे पदार्थ. आम्लता व दाटपणा वाढतो, गाळण्या तुंबतात. तांबे, पितळ व जस्त ही क्रिया अधिकच वेगवान करतात.

दुसरा शत्रू पाणी. उन्हाळ्यात टाकी तापते. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते आणि गारव्याने तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन तळाशी साचते. जैवडीझेल तर डीझेलहून अधिक पाणी शोषून घेते. पाणी व इंधन यांच्या सीमेवर जंतू आणि बुरशी वाढतात.

जैवडीझेलाचा टिकाऊपणा मोजण्यासाठी ११० अंश सेल्सिअसला तापविलेल्या नमुन्यातून हवा सोडतात. बाहेर पडणारी आम्ले पाण्यात धरून त्याची विद्युत्‌वाहकता पाहतात. ती एकाएकी वाढेपर्यंतचा काळ हा टिकाऊपणाचा निकष होय. २००५ च्या भारतीय मानकात हा काळ किमान ६ तास ठरविला गेला.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नव्हे. रुग्णालयाचे जनित्र महिनोन्‌महिने स्वस्थ उभे असते आणि वीज जाताच क्षणार्धात चालू व्हावे लागते. गाळणी तुंबलेली असेल, तर त्या क्षणी टाकीभर इंधन असूनही उपयोग नाही. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत डीझेलात ५ टक्के जैवडीझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवल्याने साठवणीची दक्षता अधिकच अगत्याची ठरते.

उपाय साधे आहेत. टाकी सावलीत व शक्यतो भरलेली असावी. तळचे पाणी नियमित काढावे. जुना साठा आधी वापरावा. ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य इंधन ताजे असतानाच मिसळावे. एकदा बिघडलेले इंधन त्याने पूर्ववत होत नाही.