डोळ्यांची झेप आणि मेंदूचा ऱ्हास



पोथी वाचताना आपली नजर ओळीवरून अखंड सरकत नाही. ती एका शब्दावर क्षणभर विसावते आणि पुढे झेप घेते. सेकंदाला तीन-चार अशा या झेपा वाचणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतात.

लहान मेंदू झिजू लागला म्हणजे ही व्यवस्था पुष्कळदा बिघडते. बाजूला पाहू गेल्यास नजर तेथे ठरत नाही. बुबुळे मध्याकडे घसरतात आणि झटक्यासरशी पुन्हा बाजूला ओढली जातात. घसरण संथ, परतणे जलद. रुग्णाच्या इच्छेवाचून चालणाऱ्या या हालचालीस ‘निस्टॅग्मस’ म्हणतात, आणि वैद्य ती आवर्जून शोधतात.

मुंबईचे मज्जासंस्थातज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांना काही रुग्णांत मात्र वेगळाच प्रकार आढळला. चाल लटपटती, वाचा अडखळती (अशा माणसास मद्यपी ठरवून मोकळे होणे लोकांना किती सोपे!), परंतु डोळ्यांत तो झटका नाही. नजर एका बाजूकडून दुसरीकडे न्यावयाची तर ती जड गाडा ओढल्यासारखी जाई. डोळ्यांना झटका देणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात असतात. त्याच नष्ट झाल्यावर झटका यावा कोठून? म्हणजे येथे निस्टॅग्मस नसणे हे सुचिन्ह नव्हते, तर ऱ्हास देठापर्यंत पोचल्याची ती खूण होती. डॉ. स्वामी यांच्यासह वाडियांनी नऊ कुटुंबांचा हा वृत्तान्त १९७१ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ही खूण पाहण्यास यंत्र लागत नाही. वैद्याने दोन बोटे अंतरावर धरावीत, रुग्णाने डोके न हलविता आळीपाळीने त्यांच्याकडे पाहावे, एवढेच पुरे.

पुढे १९९६ साली बाराव्या गुणसूत्रावरील सदोष जनुक सापडले, आणि १९९८ साली वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा भारतीय कुटुंबांत या मंद नजरेचा व त्या जनुकाचा संबंध मांडला. आईबापांपैकी एकास हा विकार असल्यास प्रत्येक अपत्याच्या वाट्यास तो येण्याची शक्यता निम्मी असते. क्यूबातील ओल्गिन प्रांतात हा विकार विपुल आहे. तेथील संशोधकांना असे दिसले, की चाल बिघडण्यापूर्वीच जनुकवाहकांची नजर मंदावू लागते.

विकार थोपविणारे औषध अद्याप नाही. म्हणून धडधाकट दिसणाऱ्या सज्ञान मुलाने आपले रक्त तपासून घ्यावे की नाही, याचा निर्णय वैद्य त्याच्यावरच सोपवितात.