ड्रॅक्युला आणि रेल्वेचं वेळापत्रक



कार्पेथियन पर्वतातल्या एका जुन्या गढीत एक उमराव कोचावर आडवा पडून पुस्तक वाचतो आहे. हातात मंत्रतंत्राची पोथी असेल असं वाटावं, पण आहे ब्रॅडशॉचं टाइमटेबल, म्हणजे इंग्लंडमधल्या रेल्वेगाड्यांचं वेळापत्रक. हा वाचक म्हणजे काउंट ड्रॅक्युला. तो लंडनला जायच्या तयारीत आहे.

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. सुळे, वटवाघूळ, लसणाच्या माळा हे सगळं आपल्याला सिनेमांमुळे पाठ असतं. पण पुस्तक हातात घेतलं की पहिल्याच परिच्छेदात जोनाथन हार्कर हा तरुण वकील रोजनिशीत काय लिहितो? व्हिएन्नाला गाडी तासभर उशिरा पोचली! माझं मत असं आहे, की ही रेल्वेची कादंबरी आहे, आणि तिच्यातला सगळ्यात रोमांचक भाग रक्तपिपासू उमरावाच्या पाठलागाचा आहे. हा पाठलाग त्या काळच्या सगळ्यात ऐषारामी गाडीतून, ओरिएंट एक्सप्रेसमधून होतो.

ही गाडी बेल्जियमच्या जॉर्ज नागेलमाकर्स यांनी सुरू केली. झोपायच्या डब्यांची कंपनी त्यांनी आधीच काढली होती. ४ ऑक्टोबर १८८३ या दिवशी संध्याकाळी पॅरिसहून ओरिएंट एक्सप्रेसची उद्घाटनाची फेरी निघाली. सागवानी डबे, कोरीव लाकूडकाम, मखमली पडदे आणि जेवणाच्या डब्यात बड्या हॉटेलच्या तोडीचा थाट. म्युनिक, व्हिएन्ना, बुडापेस्ट, बुखारेस्ट करत गाडी डॅन्यूब नदीकाठी जुर्जूला थांबायची. पुढे रूळच नव्हते. प्रवाशांनी उतरायचं, नावेतून पलीकडे रुसेला जायचं, तिथून दुसऱ्या गाडीनं काळ्या समुद्रावरच्या वार्ना बंदरात, आणि तिथून बोटीनं कॉन्स्टँटिनोपलला. रूळ थेट कॉन्स्टँटिनोपलपर्यंत जोडले गेले ते १८८९मध्ये. बाल्कनचा प्रदेश तेव्हा धुमसत होता. १८९१ साली चेर्केस्कोईजवळ दरोडेखोरांनी ही गाडी रुळांवरून उतरवली, प्रवाशांना लुटलं आणि काही जणांना ओलीस धरून नेलं. मखमलीच्या पडद्याबाहेर खरंखुरं भय होतं.

ड्रॅक्युलाची गढी ज्या ट्रान्सिल्व्हेनियात आहे, तिथे स्टोकर स्वतः कधीच गेला नाही. लंडनच्या लायसियम थिएटरचा तो व्यवस्थापक. नटश्रेष्ठ हेन्री आयर्व्हिंग यांची नाटकमंडळी दौऱ्यावर निघाली की माणसं, पडदे, पेटारे, सगळं वेळेवर गाडीत चढवायची जबाबदारी त्याची. ज्यानं वर्षानुवर्षं असे दौरे सांभाळले, त्याला कुठली गाडी चुकली तर काय बिघडतं हे कुणी शिकवायला नको.

इथे एका भेटीबद्दल सांगायलाच हवं. १८७८च्या ऑगस्टमध्ये स्टोकर डब्लिनच्या स्टेशनवर आयर्व्हिंगना घ्यायला गेला. डब्यात शिरला तर समोर एक सावळा, जरबी चेहऱ्याचा माणूस. ते होते रिचर्ड बर्टन. तरुणपणी मुंबई इलाख्याच्या फौजेत असलेले, गोव्यावर पुस्तक लिहिलेले आणि आपल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टी १८७० साली इंग्रजीत नेलेले. पुढे स्टोकरनं आठवणी लिहिल्या, तेव्हा बोलताना बर्टनचा ओठ वर जाऊन दिसणारा सुळा त्यानं आवर्जून नोंदवला. एवढ्यावरून ड्रॅक्युलाचं मूळ आपल्या वेताळात शोधण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. कोकणात, गोव्यात वेताळ गावाची राखण करतो, त्याला नारळ दिला जातो, गाऱ्हाणं घातलं जातं. ड्रॅक्युला कुणाचीच राखण करत नाही.

आता पाठलागाकडे येऊ. ड्रॅक्युलाला विश्रांतीसाठी मायदेशाची माती लागते. म्हणून मातीनं भरलेल्या ५० पेट्या घेऊन तो जहाजानं इंग्लंडला येतो. व्हिटबी बंदरातून या पेट्या मालगाडीनं लंडनच्या किंग्ज क्रॉसला जातात, रीतसर पावती-बिलासकट! पुढे प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग आणि त्यांचे साथीदार ४९ पेट्या निकामी करतात. उरलेली एक पेटी घेऊन ड्रॅक्युला शिडाच्या जहाजावरून परत पळतो. जहाजाला वार्ना गाठायला निदान ३ आठवडे लागणार. जमिनीवरून तेच अंतर ३ दिवसांचं. ओरिएंट एक्सप्रेस कथेत येते ती या हिशेबापोटी. शेकडो वर्षं जगलेला, वाऱ्याला आणि धुक्याला हुकूम सोडणारा उमराव एका पेटीत अडकून पडलेला, आणि त्याच्या मागावरची साधी माणसं तिकिटं काढून त्याच्या पुढे निघालेली.

१२ ऑक्टोबरला सकाळी मंडळी लंडनच्या चेरिंग क्रॉसहून निघतात, रात्री पॅरिसला ओरिएंट एक्सप्रेस धरतात आणि १५ तारखेला संध्याकाळी पाचच्या सुमारास वार्नाला उतरतात. गाडीतल्या थाटमाटाचं वर्णन जवळजवळ नाहीच. ना जेवणाची यादी, ना झुंबरं. मला हा संयम फार आवडतो, कारण त्या डब्यात बसलेल्या कुणाचंही लक्ष पडद्यांकडे असणं शक्य नाही. जोनाथनची बायको मीना त्यांच्याबरोबर आहे, आणि ड्रॅक्युलानं तिला बळजबरीनं आपलं रक्त पाजलेलं आहे. त्या रक्तानं दोघं जोडली गेली आहेत. प्रवासभर ती बहुतेक वेळ झोपून असते. मात्र सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या आधी तिला जाग येते. त्या वेळी व्हॅन हेल्सिंग तिला संमोहित करतात आणि विचारतात, काय दिसतंय, काय ऐकू येतंय? ती सांगते, सगळा अंधार आहे, जहाजावर लाटा आपटताहेत, पाणी वेगानं मागे जातंय. शरीर रुळांवरून धावणाऱ्या डब्यात आणि कान समुद्रावरच्या पेटीत. हा उपाय सुचवला कुणी? खुद्द मीनानं. ज्या धाग्यानं शत्रूनं तिला बांधलं, त्याच धाग्यानं त्याचा माग काढायचा.

पुरुषमंडळींनी आधी काय केलं होतं? बाईमाणसाला हे झेपणार नाही म्हणून तिला मसलतीतून बाहेर ठेवलं. तिथेच ड्रॅक्युलाचं फावलं. खरं तर सगळ्यांच्या रोजनिश्या, पत्रं, तारा एकत्र करून, टाइपरायटरवर उतरवून, तारखांप्रमाणे लावून देणारी मीनाच. तिच्याशिवाय या लोकांना शत्रू कोण हेही नीट कळलं नसतं.

वार्नात रोज तारेची वाट पाहणं सुरू होतं. २४ ऑक्टोबरला तार येते की जहाज दार्दानेल्सला दिसलं. सगळे सज्ज. आणि २८ तारखेची तार सांगते, जहाज वार्नाला न येता गालाट्सला, डॅन्यूबच्या बंदरात शिरलं! ड्रॅक्युलानं हुलकावणी दिली. सगळे हबकलेले असताना व्हॅन हेल्सिंग विचारतात, गालाट्सची पुढची गाडी कधी? मीना ताबडतोब उत्तर देते, उद्या सकाळी साडेसहाला. पुस्तक उघडावं लागत नाही. घरी नवऱ्यासाठी वेळापत्रकं लावून द्यायची तिला सवयच होती, आणि इकडच्या गाड्याही तिनं आधीच पाठ करून ठेवल्या होत्या.

१९३१च्या गाजलेल्या बोलपटात हा सगळा प्रवास गाळून टाकला आहे. ड्रॅक्युलाचा शेवट इंग्लंडमध्येच होतो आणि मीना केवळ वाचवली जाणारी स्त्री उरते. मला हे फार लागतं. आजही ‘ड्रॅक्युला’ म्हटलं की लोकांना त्या बोलपटातला झगा आठवतो, मीनाचं डोकं आठवत नाही.

म्हणून माझी विनंती आहे, या कादंबरीचं २६वं प्रकरण मिळवून वाचा. गालाट्सला पोचल्यावर सगळे थकून पडलेले असताना मीना टाइपरायटरवर एक टिपण तयार करते. ड्रॅक्युला इथून गढीपर्यंत जाणार कसा? रस्त्यानं गेला तर लोक चौकशी करणार, जकात नाक्यावर अडवणार. रेल्वेनं गेला तर पेटीबरोबर कुणी नाही, ती कुठल्या तरी स्टेशनात पडून राहिली की घात झाला. मग उरतं पाणी. प्रूत आणि सेरेत या दोन नद्या ती नकाशावर तपासते आणि सेरेत निवडते, कारण तिला बिस्त्रित्सा नदी येऊन मिळते आणि बिस्त्रित्सा गढीच्या जवळून जाते. त्याच दिवशी वाटा ठरतात. दोघं वाफेच्या होडीतून नदीनं, दोघं घोड्यांवरून काठाकाठानं. मीना आणि व्हॅन हेल्सिंग रात्री ११ वाजून ४० मिनिटांची वेरेश्तीची गाडी पकडतात.