जाड लोकरीची जाळी



29 डिसेंबर 2018 रोजी नागपूरचा पारा 3.5 अंशांपर्यंत खाली आला होता. त्या सकाळची आठवण अजून अनेकांना असेल. पण अशी थंडी आपल्याकडे क्वचितच पडते. एरवीच्या नागपुरी थंडीचा स्वभाव निराळा आहे. पहाटे बोटं आखडतात, आणि दुपारी बाराला त्याच अंगणात ऊन सोसत नाही. हुडकेश्वर, पिपळा, बेसा ही शहराची दक्षिणेकडची कड. इथं मोकळे प्लॉट अजून पुष्कळ आहेत, त्यांच्यापलीकडे शेतं आहेत, आणि सकाळचा वारा अडवायला मध्ये काही नाही. मुलाला स्कूलबसपर्यंत सोडायला निघालेली आई, म्हाळगीनगरकडे फिरायला जाणारे आजी-आजोबा, पहाटे गाडी काढून कामावर जाणारी मुलगी, या सगळ्यांना दोन-अडीच तास ऊब हवी असते. नंतर ती उतरवून पिशवीत टाकता आली पाहिजे. भरगच्च विणीचा स्वेटर दहा वाजता नकोसा होतो, आणि बारीक लोकरीची नाजूक शाल सकाळी सहाला पुरत नाही.

या दोहोंच्या मधली एक वस्तू आहे, आणि ती घरी विणता येते. तिच्याबद्दलच मला आज बोलायचं आहे. ती म्हणजे जाड लोकरीत विणलेली जाळीची शाल.

जाळीची शाल म्हटलं की आपल्याला अंगठीतून आरपार जाणारी शाल आठवते. रशियातल्या ओरेनबर्गची बकरीच्या मऊ लोकरीची शाल, एस्टोनियातल्या हापसालू गावची शाल आणि स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांची शाल, या तिघींची कीर्ती अशीच आहे. ती कीर्ती खोटी नाही. पण त्यामुळे आपल्या मनात एक समजूत घट्ट बसली, की जाळी म्हणजे बारीक सूत, बारीक सुई आणि पुष्कळ भीती. शाल विणून झाली की ती मलमलीच्या कापडात गुंडाळून कपाटात जाते, आणि लग्नाकार्याला बाहेर निघते.

त्याच शेटलंडमध्ये दुसरी एक शाल होती. तिला तिथं हॅप म्हणतात. साधारण 60 अंश उत्तर अक्षांशावरची ही बेटं. झाडं जवळजवळ नाहीत, वारा मात्र बारमाही. तिथल्या बायका पाठीवर टोपलीत पीट, म्हणजे जळणासाठी कापून वाळवलेली दलदलीची माती, घेऊन चालत, आणि चालता चालता विणत. कमरेच्या पट्ट्याला भोकं पाडलेली चामड्याची गादी असे. तिच्यात एका सुईचं टोक खोवलं की हात मोकळा राहतो. त्यांच्या अंगावर असायची ती ही हॅप. मध्ये चौकोन, त्यात सगळ्या ओळी सुलट. चौकोनाच्या चारी बाजूंना लाटांसारखी जाळी, आणि सगळ्यात बाहेर दातेरी काठ. लोकर बारीक जाळीच्या शालीपेक्षा बरीच जाड. रंग मेंढीच्या अंगावर असतील तेच, पांढरा, करडा, तपकिरी, काळा, आणि लाटांच्या पट्ट्यांतून ते गडद-फिके होत जात. शाल तिरपी दुमडून त्रिकोण करायचा, पाठीवर दोन थर घ्यायचे, आणि दोन्ही टोकं छातीवरून मागे नेऊन बांधायची. वाऱ्यात सुटत नाही आणि हात कामाला मोकळे राहतात.

बारीक जाळीचं काय झालं, तेही सांगते. पी. अँड ओ. आगबोट कंपनीचे एक संस्थापक आर्थर अँडरसन मूळचे शेटलंडचे.  1837 मध्ये अँडरसन यांनी राणी व्हिक्टोरियाला शेटलंडचे तलम विणीचे मोजे भेट दिले. दरबाराची पसंती मिळाली, आणि पुढं बेटावरच्या जाळीला बाजारात मागणी वाढली. पण विणणारीच्या हातात रोख पैसा फारसा पडत नसे. व्यापारी शाल घेत आणि मोबदल्यात कापड, चहा अशा जिनसा देत. या पद्धतीची सरकारी चौकशी 1872 मध्ये झाली. विल्यम गथ्री हे चौकशी आयुक्त, आणि त्यांच्यासमोर विणकाम करणाऱ्या कितीतरी बायकांनी साक्षी दिल्या. अंगठीतून जाणारी शाल परक्या खांद्यावर गेली. विणणारीच्या स्वतःच्या खांद्यावर राहिली ती हॅप. मला हॅपबद्दल विशेष आदर वाटतो तो यासाठी.

आता आपल्याकडची लोकर. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. ती घोंगडीला उत्तम. चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी वर्षानुवर्षं टिकते, पण तीच लोकर गळ्याशी टोचते. म्हणून शालीसाठी बाजारातली स्वेटरची लोकर घ्यावी. हिवाळी अधिवेशनाच्या सुमारास शहरात तिबेटी विक्रेत्यांची गरम कपड्यांची दुकानं लागतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ 1972 पासून तिबेटी बांधवांची वसाहत आहे, त्यामुळे विदर्भाला हे चेहरे परके नाहीत. या दुकानांत विकायला असतात ते बहुतेक तयार कपडे, लुधियानाकडून आलेले. विणायची लोकर मिळेल सीताबर्डीत किंवा इतवारीत. घेताना पट्टी वाचा. बहुतेक गुंड्या ॲक्रिलिकच्या असतात. ॲक्रिलिक वाईट नाही, धुवायला सोपं आहे. पण जाळीसाठी खरी लोकर निम्मी तरी असावी. याचं कारण पुढं येईल.

घरात खऱ्या लोकरीचा जुना स्वेटर पडून असेल तर तो उसवा. उसवलेल्या लोकरीची खुर्चीच्या दोन हातांभोवती लड करा, चार जागी सैल बांधा, कोमट पाण्यात धुवा आणि खालून थोडं वजन लावून वाळत घाला. वळ्या पडलेला धागा सरळ होतो. बारीक लोकर असेल तर दोन धागे एकत्र धरून विणा. जाड लोकर म्हणून ती चालते.

यापुढं सगळा प्रश्न हिशोबाचा आहे. आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे आहेत. नंबर वाढला की सुई बारीक होते. 10 नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, 8 नंबरची 4 मिलिमीटरची आणि 4 नंबरची 6 मिलिमीटरची. ज्या लोकरीचा स्वेटर आपण 8 नंबरच्या सुयांवर विणतो, तिची जाळी 4 नंबरवर विणायची. इथं हात कचरतो, कारण सुईवरचं काम ढिसाळ आणि वेडंवाकडं दिसतं. दिसू द्या. जाड धागा बारीक सुईवर कोंबला तर जाळीची भोकं बुजतात आणि शाल पायपुसण्यासारखी ताठ होते.

वीण हॅपच्या लाटांचीच घ्या. ती 18 टाक्यांची आणि चार ओळींची आहे. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. पहिली ओळ सगळी सुलट. दुसरी सगळी उलट. तिसऱ्या ओळीत दोन-दोन टाके एकत्र, असं तीनदा. मग लोकर पुढे घेऊन एक सुलट, असं सहादा. मग पुन्हा दोन-दोन टाके एकत्र, तीनदा. चौथी ओळ पुन्हा सगळी सुलट. सहा टाके घटले, सहा वाढले, आणि 18 चे 18 राहिले. चार ओळींतली एकच ओळ लक्ष देऊन विणायची, बाकीच्या तीन गप्पा मारता मारता होतात.

आता रुंदी. बारीक लोकरीत या 18 टाक्यांची एक लाट धुऊन ताणल्यावर साधारण 9 सेंटीमीटर भरते. 56 सेंटीमीटर रुंदीसाठी सहा लाटा आणि दोन्ही कडांना तीन-तीन टाके, म्हणजे 114 टाके. जाड लोकरीत तीच लाट 13 सेंटीमीटरच्या आसपास जाते. चार लाटा आणि कडा मिळून 78 टाके पुरतात. बारीक लोकरीचे 114 टाके जाड लोकरीत तसेच घातले तर शालीची चादर होईल. म्हणून आधी दोन लाटांचा तुकडा विणा, धुवा, वाळवा आणि मगच मोजा. प्रत्येकीचा हात वेगळा, त्यामुळे माझे आकडे पक्के धरू नका. सहा फूट लांबीला 300 ते 350 ग्रॅम लोकर हाताशी ठेवा. बारीक लोकरीत एवढ्याच शालीला 100 ग्रॅमच्या आसपास लागते. हे जास्तीचं वजन ध्यानात ठेवायला हवं. जाड जाळी स्वतःच्या भाराने खाली ओघळते. म्हणून दोन्ही कडांचे तीन-तीन टाके प्रत्येक ओळीत सुलट विणायचे. ते शाल धरून ठेवतात.

कोणते नमुने टाळावेत? एस्टोनियाच्या शालींत एकाच टाक्यातून पाच-सात टाके काढून पुन्हा एकत्र करतात, त्याचे मण्यांसारखे उठाव येतात. बारीक लोकरीत ते मोहक दिसतात. जाड लोकरीत त्यांच्या गाठी होतात आणि खांद्याला रुततात. जिथं प्रत्येक ओळीत जाळी आहे असे नमुनेही सोडून द्या. ठळक आकाराची, थोड्या टाक्यांची वीण जाड लोकरीत खुलते.

गोल शाल हवी असेल तर एलिझाबेथ झिमरमन यांची रीत माझ्या मते सगळ्यांत उत्तम. जन्माने इंग्रज, पुढं अमेरिकेत स्थायिक झालेल्या या विणकाम शिक्षिकेनं 1974 च्या आपल्या पुस्तकात ती सांगितली आहे. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो, हे शाळेतलं गणित. म्हणून नऊ टाक्यांनी सुरुवात करून ते 18, 36, 72, 144 असे दुप्पट करत जायचे, आणि दोन वाढींमधल्या ओळीही दुप्पट करायच्या, 3, 6, 12, 24. मधल्या पट्ट्यांत हवी ती जाळी बसवा. लोकर कितीही जाड असो, हिशोब बदलत नाही. शाल पुरेशी मोठी झाली की थांबायचं.

आता राहिलं धुणं. जाळीची शाल सुईवरून उतरते तेव्हा चुरगळलेली दिसते. कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून तिला वीस मिनिटं पडू द्या. पिळू नका; टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग गादीवर चादर अंथरून शाल चारी बाजूंनी ताणा, न गंजणाऱ्या टाचण्या लावा आणि पंख्याखाली वाळू द्या. ओल्या केसांची वेणी घालून वाळवली की केस तसेच वळतात ना? लोकर आणि केस एकाच प्रथिनाचे, केराटिनचे बनलेले. पाण्यात त्याच्या आतले सूक्ष्म बंध सुटतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. ॲक्रिलिकला हे जमत नाही, म्हणून मघाशी पट्टी वाचायला सांगितलं. पूर्ण ॲक्रिलिकची शाल असेल तर इस्त्री बोटभर वर धरून नुसती वाफ द्या. इस्त्री टेकवली तर धागा लुळा पडतो आणि पुन्हा कधी सावरत नाही.

शेवटी एक विनंती. दिवाळीचा फराळ आटोपला की टाके घाला. जाड लोकरीत काम भराभर सरकतं, रोज तासभर दिला तर संक्रांतीच्या आत शाल होते. आणि झाली की ती पहिल्यांदा स्वतः पांघरा, दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला जाताना.